वॉकरच्या करड्या रेघा

स्वभावाला औषध नसतं, असं आई म्हणायची आणि म्हणताना माझ्याकडेच बघायची. मला डाग दिसला की माझं डोकं फिरतं. ओट्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ राहिलं, आरशावर थेंब सुकले, दाराच्या कडीपाशी बोटांचे ठसे उमटले, की हातातलं काम टाकून मी आधी ते पुसते आणि पुसता पुसता घरात जो असेल त्याला चार शब्द सुनावते. गेली तीन वर्षं घरात बाबाच असतात. त्यामुळे जे काही बोलले ते त्यांनाच बोलले. हे लिहायला घेतलंय, कारण तोंडाने कुणाला सांगायची मला लाज वाटते.

माझं लहानपण कळव्याच्या बैठ्या चाळीत गेलं. खाली कोबा. कोब्याला भेगा, भेगांत मुंग्या आणि पावसाळ्यात खालून येणारी ओल. आई तो दिवसातून दोनदा पुसायची आणि तो कधी पुसल्यासारखा दिसायचा नाही. पुढे मी माझ्या नोकरीवर डोंबिवली पूर्वेला, शीळ रस्त्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा ते बघायला आई राहिली नव्हती. त्या घराचं स्वयंपाकघर मला आवडलं नव्हतं, बाल्कनी तर नावालाच होती. पण लाद्या आवडल्या. दुधी रंगाच्या, चकचकीत, दोन-दोन फुटांच्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्यावरून अनवाणी फिरले आणि एकटीच हसत बसले. माझं लग्न झालं नाही, पोरंबाळं नाहीत. हौस म्हणून जी काही केली ती त्या घराची, आणि त्यातही त्या लाद्यांची.

बाबा ठाण्याला एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतरही ते चाळीतच एकटे राहत. मग त्यांना हलका झटका आला, डावा पाय ओढायला लागला, डाव्या हातातलं बळ कमी झालं. मी त्यांना माझ्याकडे न्यायचं ठरवलं, तर ते तयार होईनात. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. मी म्हटलं, ते लग्न झालेल्या लेकीबद्दल. ते म्हणाले, लग्न नसलं म्हणून काय झालं, घर लेकीचंच ना. शेवटी आले, पण पाहुण्यासारखे राहिले. पंखा वाढवायचा तर विचारून, फ्रिज उघडायचा तर विचारून. कारखान्यात साहेबासमोर ज्यांनी कधी मान खाली घातली नाही, ते माझ्याकडे बघून टीव्हीचा आवाज कमी करायचे. वयाने मवाळ झाले, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

डॉक्टरांनी त्यांना वॉकर वापरायला सांगितला. ॲल्युमिनियमचा, चार पायांचा, पायांना काळी रबरी बुचं लावलेला. तो उचलून पुढे ठेवायचा, दोन्ही हातांनी त्याच्यावर भार द्यायचा आणि मग पाऊल टाकायचं. बाबांच्या डाव्या हाताने तो दर पावलाला नीट उचलला जात नसे. ते त्याला ढकलत, ओढत न्यायचे. सुरुवातीची दोनेक वर्षं ते चालून गेलं. मग एका रविवारी सकाळी उन्हाची तिरीप जमिनीवर पडली आणि मला रेघा दिसल्या. पेन्सिलीने ओढाव्यात तशा करड्या रेघा, जोडीजोडीने, दिवाणापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत. न्हाणीघरापाशी तर त्यांचा नुसता गुंता झालेला. माझ्या लाद्या खरवडल्या गेल्या असं मला वाटलं, आणि मी ते वाटणं मनात ठेवलं नाही.

मग माझी लढाई सुरू झाली. ओल्या फडक्याने काही हललं नाही. फिनेल झालं, भांड्यांचा साबण झाला. मग मी तारेची घासणी घेतली आणि गुडघ्यावर बसून दात-ओठ खात घासलं. रेघा जायच्या ऐवजी पसरल्या, करड्याच्या काळ्या झाल्या. पुढच्या रविवारी मी न्हाणीघरात वापरतात ते ॲसिड आणलं. त्याने लाद्यांच्या सांध्यांमधलं पांढरं सिमेंट खाल्लं, घरभर असा वास भरला की बाबांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांना धरून बाल्कनीत नेऊन बसवावं लागलं. ॲसिड लगेच धुऊन काढलं आणि रेघा होत्या तिथेच राहिल्या. मी कल्याणच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. कुठला पदार्थ कठीण, कुठला मऊ, कशाने काय झिजतं, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

बाबांनीच मला शिकवलं. बाल्कनीतून आत आल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नख फिरव त्याच्यावरनं. अडकतं?"

मी फिरवलं. अडकलं नाही.

"मग ओरखडा नाय तो. लादी कडक, ॲल्युमिनियम मऊ. मऊ असतं ते झिजतं नि कडकवर जाऊन बसतं. तुझ्या लादीला काय पण झालेलं नाय, बाय. झिजतोय तो वॉकर."

तारेची घासणी म्हणजे पण लोखंडच, ते म्हणाले, तू वरून आणखी धातू चढवलास. इथे जोर लावून उपयोग नाही. लादीपेक्षा मऊ असेल अशी पावडर घ्यायची आणि दमाने घासायचं. आई समया कशाने घासायची ते आठव. आई समया रांगोळीने घासायची, अर्धं लिंबू तिच्यात बुडवून. किती दिवसांनी बाबा इतकं सलग बोलले होते. त्यांच्या आवाजात त्यांचा जुना कारखाना होता. तेवढ्यात त्यांनी वॉकर आडवा करून मला त्याचे पाय दाखवले. चारपैकी तीन बुचं तळाशी झिजून कागदासारखी झालेली, आणि एकातून नळीची कडा सरळ बाहेर आलेली, घासून घासून चांदीसारखी चकाकत असलेली. मी शिवणाच्या डब्यातून दोरा दिला. त्यांनी तो नळीभोवती फिरवला, जिथे टोकं जुळली तिथे गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. स्टेशनजवळच्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात ही बुचं मिळतात, नुसती बुचं, माप दाखव म्हणजे झालं, असं सांगितलं. मी दोरा पर्समध्ये टाकला.

ती बुचं मी आणली नाहीत. याला काही मोठं कारण नाही. सहामाहीचे पेपर आले, मग दिवाळी आली, मग शाळेचं स्नेहसंमेलन. त्या दुकानासमोरून मी आठवड्यातून सहा दिवस, दोन्ही वेळा जात होते. कधी आठवायचं नाही, आठवायचं तेव्हा रिक्षाच्या रांगेत नंबर आलेला असायचा. दोरा पर्समधल्या कागदांत कुठेतरी गेला. बाबांनी एकदा विचारलं, मी उद्या आणते म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. लेकीच्या घरात एक गोष्ट दोनदा मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मला ते कळत असूनही मी त्याचा फायदा घेतला.

रांगोळी मात्र मी त्याच संध्याकाळी आणली. रांगोळीत लिंबाची फोड बुडवायची, रेघेवर गोल गोल फिरवायची, दोन मिनिटांत लिंबाचा रस करडा व्हायला लागायचा. मग ओल्या फडक्याने टिपून घ्यायचं, पुन्हा साध्या पाण्याने पुसायचं. खाली लादी जशीच्या तशी, आरशासारखी. मला त्याचं व्यसनच लागलं म्हणा. दर रविवारी मी दिवाणापाशी सुरुवात करायची आणि न्हाणीघरापर्यंत सरकत जायची. शाळेच्या शिक्षकखोलीत मी ही युक्ती सगळ्यांना सांगितली. दोघीतिघींनी लिहून घेतली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते मी दर आठवड्याला मन लावून करत होते. रबर झिजलंय, धातू उघडा पडलाय, म्हाताऱ्या माणसाच्या आधाराची पकड सुटत चाललीय, हे त्या रेघा मला सांगत होत्या, आणि मी त्या पुसत होते.

पुसताना माझं तोंडही चालू असायचं. बाबा दिवाणावर पाय वर घेऊन बसलेले, वॉकर शेजारी, आणि मी खाली. एका रविवारी माझी पाठ धरली होती, सोमवारी शाळेत तपासणी होती, आणि न्हाणीघरापाशी ताज्या रेघा होत्या. मी म्हटलं, "बाबा, उचला ना तो जरा. ओढता कशाला? तुम्हाला काय, घासायला मी आहे."

त्यांनी पाय आणखी थोडे वर घेतले. हे वाक्य मला आता शब्दाशब्दाने ऐकू येतं. तेव्हा ते तोंडातून निघालं आणि मी विसरूनही गेले.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आमच्याकडे खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घालतात, आवाज होत नाही, लादी खराब होत नाही. मी वॉकरच्या चारही पायांना माझे जुने लोकरीचे मोजे चढवले आणि वरून रबरबँड लावले. दिसायला मांजराच्या पायांसारखे दिसत होते, मी हसलेसुद्धा. दुसऱ्याच दिवशी तो वॉकर बाबांच्या हातांखालून बर्फावरून जावा तसा पुढे गेला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून ते वाचले. मी मोजे काढून फेकून दिले. घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. मोजे नकोत तर नकोत, पण मग नीट उचलत जा, असं मी त्यांना पुन्हा बजावलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर रेघा थांबल्या. पुढच्या रविवारी मी रांगोळीची वाटी घेऊन बसले तर घासायला काही नव्हतंच. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी गोडाचा शिरा केला. बघा, जमलं की नाही, असं त्यांना म्हटलं. ते हसले. माझ्या समोर ते सहसा बसलेलेच असायचे, शाळेतून यायची तेव्हा दिवाणावर, स्वयंपाक करायची तेव्हा खुर्चीत. चालताना मी त्यांना नीट पाहिलंच नाही. उचलून ठेवण्याइतकं बळ हातात आलं, सुधारणा आहे, असं मी डॉक्टरांनाही सांगून आले. बुचांचा विषय तर डोक्यातून गेलाच. रेघा नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असा माझा हिशोब होता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी आठवीच्या वर्गावर होते. आमच्याकडे दिवसा एक मावशी येतात, घरकाम करतात आणि बाबांकडे लक्ष देतात. त्यांचा फोन आला, बाबा पडले. कल्याणहून रिक्षा केली. पत्री पुलावर वाहनं खोळंबलेली, मी रिक्षावाल्याला उगाच घाई करत होते. घरी पोहोचले तेव्हा शेजारच्यांनी बाबांच्या डोक्याखाली उशी दिली होती. ते न्हाणीघराच्या अलीकडे, लादीवर आडवे होते, उजवा पाय विचित्र बाहेर वळलेला. वॉकर मात्र त्यांच्यापाशी नव्हता. तो पलीकडे दिवाणावर, गादीवर आडवातिडवा पडला होता.

मी खाली बसले, त्यांचा हात धरला. कुठे दुखतंय विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकले होते.

"लादीला काय झालेलं नाय, बाय," ते म्हणाले. "मी तो गादीवर टाकला."

वेदनेने बरळताहेत, असं मला वाटलं. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं, मावशींकडून पाणी मागवून त्यांच्या ओठांना लावलं. रुग्णवाहिका आली, खुबा मोडला होता, दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. त्या दिवसांत मला विचार करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो नव्हता तेच बरं होतं.

ते अजून दवाखान्यात असताना मी एका सकाळी कपडे न्यायला घरी आले. मावशी केर काढत होत्या. मी सहज म्हटलं, एवढं छान उचलून चालायला लागले होते, कसे पडले कुणास ठाऊक. मावशींनी केरसुणी भिंतीला लावली.

"ताई, रागावू नका," त्या म्हणाल्या. "ते टेकतच नव्हते ना तो. हातात धरून चालायचे, असा वर. मी बोलली पण त्यांना, बाबा खाली ठेवा. तर म्हणाले, रेघ पडते, पोरीला रविवारी घासत बसायला लागतं. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

त्यांनी दोन्ही हात छातीसमोर धरून दाखवलं. जत्रेत गर्दीतून ताट वर धरून न्यावं, तसं. महिना-दीड महिना माझा बाप एका ओढणाऱ्या पायावर, भिंतीच्या कडेकडेने, आपला आधार हातात उचलून माझ्या घरात फिरत होता. मी उचला म्हटलं होतं, त्यांनी उचलला. आणि तोल गेला त्या क्षणाला, ज्याला धरायचं तोच त्यांनी लादी वाचवायला दूर फेकला.

मी तिथेच खाली बसले. मावशी म्हणाल्या, ताई, चहा ठेवते. मी रडले, मग उठून कपड्यांची पिशवी भरली. जाताना स्टेशनजवळच्या दुकानात गेले, वॉकरच रिक्षात घालून नेला होता. दुकानदाराने दहा मिनिटांत चार नवीन बुचं बसवून दिली.

आता बाबा घरी आहेत. खुब्यात सळई आहे. आठवड्यातून तीन दिवस सकाळी एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते, फिजिओथेरपीचं शिकलेली, पंचविशीची असेल. ती त्यांना आजोबा म्हणते आणि त्यांच्यावर अधिकाराने ओरडते, आणि ते त्यांना आवडतं. पहिल्या दिवशी तिने त्यांना उभं केलं, वॉकर समोर ठेवला आणि म्हणाली, टेका आजोबा, सगळा भार द्या. बाबांनी खाली लादीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टेका ना बाबा, बिनधास्त टेका. त्यांनी टेकला, पण अलगद, झोपलेल्या माणसाशेजारी काही ठेवावं तसा, आणि भार दिलाच नाही. चार पावलांत पाय थरथरायला लागले.

मी त्यांची माफी मागितली आहे. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. बाबा, लादी गेली खड्ड्यात, तुम्ही हव्या तेवढ्या रेघा ओढा, मी पुसणारसुद्धा नाही. ते म्हणतात, अगं, तसं काय नाय, तू मनाला लावून घेऊ नको. आणि पुढच्या वेळी उभे राहिले की पुन्हा आधी लादीकडे बघतात, मग माझ्याकडे. मी रांगोळीची वाटी फेकून दिली. जाड सतरंज्या घालायचा विचार केला, तर ती मुलगी म्हणाली, अजिबात नको, पाय अडकेल. मी हसऱ्या चेहऱ्याने उभी राहते, टाळ्या वाजवते, शाबास म्हणते. माझा हसरा चेहरा बघून ते जास्तच जपून चालतात. तीन वर्षांत त्यांनी माझा चेहरा वाचायची सवय केली आहे. ती माझ्या सांगण्याने एका दिवसात कशी जाईल?

गेल्या आठवड्यात ती मुलगी जायला निघाली आणि दाराबाहेर चपला घालताना घुटमळली. मग म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी मी आले की तुम्ही जरा बाहेर थांबाल का? तुम्ही शाळेत असता तेव्हा ते चांगले चालतात."

मी हो म्हटलं. वाईट वाटून घेऊ नका, हे तिने आधीच सांगितलं होतं.

आज सकाळी ती आली तशी मी बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. जिन्याच्या पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा दूध घेऊन आले, काय झालं विचारलं, मी म्हटलं, काही नाही. आतून ती मुलगी पावलं मोजत होती. माझ्यासमोर ते कधी सहाच्या पुढे गेले नव्हते. ती सात म्हणाली, आठ म्हणाली, बारा म्हणाली. मध्ये बाबा काहीतरी बोलले आणि दोघंही हसले. अठरा. एकोणीस. बंद दाराकडे तोंड करून मी बसले होते, आणि माझे बाबा माझ्या घरात मोकळेपणाने चालत होते.